काम थांबले, फलक उभेच

रस्त्याच्या कडेला उभा असलेला इशाऱ्याचा फलक म्हणजे रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेने वाहनचालकाला दिलेला शब्द असतो. ‘पुढे काम चालू आहे, सावकाश चला’ ही पाटी वाचून चालकाने वेग कमी करावा, मार्गिका सोडावी, समोर माणसे असतील असे गृहीत धरावे, अशी अपेक्षा असते. चालक हे सारे पाटीवर विश्वास ठेवूनच करतो, कारण पुढे नेमके काय आहे हे त्याला त्या क्षणी दिसत नसते. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाच्या पालघर जिल्ह्यातील टप्प्यात, विशेषतः चारोटीपासून तलासरीमार्गे अच्छाडच्या सीमेपर्यंत, हा शब्द स्वस्त होत चालला आहे. काम संपते, पुढच्या टापूकडे सरकते किंवा पावसाळ्यामुळे थांबते. त्याची सूचना देणारे फलक, वाळूच्या गोण्या, रंगवलेली पिंपे आणि बाण दाखवणाऱ्या पाट्या मात्र जागच्या जागी राहतात. या मार्गाने नित्य प्रवास करणाऱ्याला हे चित्र नवे नाही, आणि ते नवे नसणे हाच खरा धोका आहे.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक वाटेल. खड्डे, अपुरे सेवारस्ते, तासन् तास चालणारी कोंडी असे गंभीर प्रश्न असताना एखादी पाटी काढायची राहिली तर एवढे काय बिघडले, असे कोणीही विचारील. शिवाय इशारा नसण्यापेक्षा जास्तीचा इशारा बरा, असा युक्तिवादही तयार असतो. या महामार्गाच्या बाबतीत तो युक्तिवाद तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण येथे इशाऱ्याच्या अभावाची किंमत साऱ्या देशाने पाहिली आहे.

चारोटीचा धडा

४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी यांचा डहाणू तालुक्यात चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली होती. मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावला नव्हता, हा मुद्दा त्या वेळी देशभर चर्चिला गेला आणि ते योग्यच होते. परंतु दुसरा मुद्दा रस्त्याचा होता. तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी अरुंद होतो आणि त्याची पुरेशी आगाऊ सूचना चालकाला मिळत नाही, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. त्यानंतर या टप्प्यातील धोकादायक जागा, तेथील फलक आणि सुरक्षेची साधने यांकडे यंत्रणांचे लक्ष वळले.

या घटनेतून ‘अधिक फलक लावा’ हा धडा घेतला गेला. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. पुलापाशी होणारा रस्त्याचा संकोच हा कायमचा धोका आहे. तो रात्री, सुटीच्या दिवशी आणि पावसातही असतोच. त्याची सूचना देणारा फलक कायम खरा असतो. चालकाच्या नजरेला मात्र हा फलक एकटा भेटत नाही. त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये ‘वळण रस्ता’, ‘मार्गिका बंद’, ‘काम चालू’ असे पाच-सहा फलक लागून गेले आणि त्यांतील निम्म्यांच्या पुढे काहीच आढळले नाही, तर सातव्या फलकाकडे तो कोणत्या मनःस्थितीत पाहील? खऱ्या फलकाचे वजन खोट्या फलकांनी कमी केलेले असते. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली आहे. श्लोमो ब्रेझ्निट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली खोट्या इशाऱ्यांच्या परिणामांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकातही लांडग्याची हीच हाळी होती. प्रत्येक फोल ठरलेला इशारा पुढच्या इशाऱ्याची विश्वासार्हता घटवतो, हे त्याचे सूत्र रस्त्यालाही जसेच्या तसे लागू पडते.

ही घट मीटरमध्ये मोजता येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका दिसणे, उमगणे आणि ब्रेकवर पाय जाणे यासाठी आपल्याकडील रस्ते-आरेखनात अडीच सेकंद धरले जातात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच सुमारे ५५ मीटर रस्ता संपलेला असतो. ब्रेक लागून वाहन पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर धरले तर या वेगाला १२० मीटर आणि ताशी १०० किलोमीटर वेगाला १८० मीटर मोकळी दृष्टी हवी, असे मानक आहे. फलकावर विश्वास ठेवणारा चालक हा हिशेब सुरू होण्याआधीच वेग उतरवतो. विश्वास गमावलेला चालक धोका डोळ्यांनी दिसल्यावर तो सुरू करतो. रात्री किंवा पालघरच्या मुसळधार पावसात ही दृष्टी किती मीटरची असते, हे या मार्गावरून गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

माणसे नाहीत म्हणजे काम नाही?

येथे यंत्रणांची एक बाजूही समजून घ्यायला हवी. या महामार्गाच्या घोडबंदर ते अच्छाड या सुमारे १२१ किलोमीटरच्या टप्प्यात डांबरी पृष्ठभागावर काँक्रिटचा थर चढवण्याचे, म्हणजे ‘व्हाइट टॉपिंग’चे काम भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हाती घेतले. २०२४ साली या कामामुळे झालेली कोंडी मुंबई, ठाणे, वसई आणि पालघरच्या प्रवाशांच्या स्मरणात असेल. काँक्रिटचे काम डांबरापेक्षा वेगळे असते. डांबर थंड झाले की काही तासांत वाहने सोडता येतात. काँक्रिट ओतल्यावर ते ओले ठेवून मुरू द्यावे लागते, आणि त्याची ताकद मोजण्याची रूढ मुदत २८ दिवसांची आहे. त्यामुळे एखादी मार्गिका कित्येक दिवस बंद आहे, तेथे एकही मजूर किंवा यंत्र नाही, तरीही ती बंद ठेवणे अत्यावश्यक आहे, असे घडू शकते. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला हे ‘थांबलेले काम’ वाटते. अभियंत्याच्या दृष्टीने तो कामाचाच भाग असतो.

मात्र या खुलाशातूनच फलकांची उणीव अधिक स्पष्ट होते. मार्गिका मुरण्यासाठी बंद असेल, तर चालकाला ‘मार्गिका बंद, रस्ता अरुंद’ ही सूचना हवी. फावडे घेतलेल्या माणसाचे चित्र असलेला त्रिकोणी फलक तेथे हवा कशाला? तो फलक रस्त्यावर प्रत्यक्ष माणसे आहेत एवढेच सांगतो, आणि तेवढ्यासाठीच राखून ठेवला पाहिजे. कामगार नसलेल्या जागी तो सतत उभा राहिला, तर ज्या रात्री दिव्याच्या उजेडात खरोखर पंधरा मजूर काम करत असतील त्या रात्रीही चालक त्याकडे दुर्लक्ष करील. शिळ्या फलकाची पहिली झळ या मजुरांना बसते. मोटारीतील माणसाभोवती पोलादी सांगाडा आणि हवेची उशी असते. रस्त्यावर वाकून काम करणाऱ्याच्या आणि ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या ट्रकच्या मध्ये बहुधा एक पाटी आणि एक लाल झेंडा एवढेच असते.

दुसरा धोका पाळणाऱ्यांना आहे. ताशी ३० किलोमीटरची पाटी पाहून एखादा सज्जन चालक वेग खरोखर तितका उतरवतो. त्याच्या मागचा मालवाहू ट्रक ही पाटी गेले तीन महिने पाहत आलेला असतो, त्यामुळे तो वेग उतरवत नाही. एकाच मार्गिकेतील दोन वाहनांच्या वेगात ४०-५० किलोमीटरचे अंतर पडले की मागून धडक बसण्याची शक्यता वाढते. नियम पाळणारा संकटात आणि न पाळणारा सुरक्षित, अशी उलटी स्थिती शिळी पाटी निर्माण करते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ नुसार बंधनकारक चिन्हांचे पालन हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे आणि वेगमर्यादेचे गोल चिन्ह बंधनकारक प्रकारात मोडते. ती ओलांडल्यास कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला एक ते दोन हजार आणि मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. काम संपल्यावर उरलेली वेगमर्यादा पाळली तर मागून धोका, मोडली तर दंड, अशा कोंडीत चालकाला टाकणे न्याय्य म्हणता येणार नाही.

नियम आहेत, हिशेब नाही

याविषयी नियमांची वाण नाही. रस्त्यावर काम चालू असताना वाहतुकीचे नियोजन कसे करावे, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५५ ही मार्गदर्शिका २००१ पासून अस्तित्वात आहे आणि २०१४ साली ती सुधारण्यात आली. कामाच्या जागेचे आगाऊ सूचनेचा पट्टा, मार्ग बदलण्याचा पट्टा, प्रत्यक्ष कामाचा पट्टा आणि पूर्ववत होण्याचा पट्टा असे भाग पाडून कोठे कोणती साधने लावावीत, हे तीत सांगितले आहे. गरज संपली की ही साधने हटवावीत किंवा झाकावीत, हे तत्त्वही तीत आहे. रस्ताचिन्हांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात भारत १९८० साली सामील झाला. धोक्याचे फलक विनाकारण वाढवू नयेत, असे तो करार सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेतही काम चालू नसताना गैरलागू ठरणारे फलक काढावेत, झाकावेत किंवा वळवावेत, असे आहे. म्हणजे शिळा फलक हा धोका आहे, हे जगाने केव्हाच मान्य केले आहे.

मग फलक का निघत नाहीत? केवळ आळस हे उत्तर पुरेसे नाही. मुळाशी पैशाचा आणि जबाबदारीचा हिशेब आहे. रस्तेबांधणीच्या कंत्राटांत काम चालू असतानाच्या वाहतूक व्यवस्थेचा बराचसा भाग साधारणतः मुख्य कामाचा आनुषंगिक भाग समजला जातो. किती घनमीटर काँक्रिट पडले याचे मोजमाप होते आणि त्यावर देयक निघते. किती फलक वेळेवर निघाले याचे तसे मोजमाप होत नाही. फलक काढण्यासाठी गाडी आणि माणसे पाठवणे हा कंत्राटदाराला निव्वळ खर्च असतो. शिवाय आठवड्याने पुन्हा तेथेच काम सुरू व्हायचे असेल तर फलक तसाच राहू देणे त्याला सोयीचे वाटते. पावसाळ्यात तर ही सोय चार महिने लांबते. डांबरीकरणाची कामे जूनच्या सुमारास थांबतात, कामगार पांगतात आणि फलक मात्र पाऊस खात उभे राहतात. गंमत अशी की, याच काळात रस्त्याला खरे खड्डे पडतात आणि त्यांच्यासाठी वेगळी सूचना द्यावी असे कोणाला वाटत नाही. जुनी पाटी आहेच!

याहून महत्त्वाचा हिशेब कायद्याचा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल विहित मानकांनुसार न केल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार किंवा सवलतधारकास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्ता बांधणाऱ्यालाही उत्तरदायी ठरवणारे हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु न्यायालयाने कोणत्या बाबी विचारात घ्याव्यात, याची यादीही त्याच कलमात आहे, आणि दुरुस्ती वेळेत होणे शक्य नव्हते अशा वेळी त्या जागेच्या स्थितीविषयी कोणते इशारे लावलेले होते, ही त्यांतील एक बाब आहे. तरतूद वाजवी आहे. मात्र तिचा व्यवहारातला अर्थ असा निघू शकतो की, लावलेला फलक उद्या बचावाला येईल आणि काढलेला फलक अंगाशी येईल. अनावश्यक फलक तसाच ठेवल्याबद्दल कोणाला शिक्षा झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. तेव्हा शहाणा कंत्राटदार फलक ठेवणेच पसंत करणार. फलक चालकासाठी लावला जातो आणि कंत्राटदारासाठी उभा ठेवला जातो, असा हा व्यवहार आहे.

सामान्य नागरिकाला तो फलक हटवण्याचा अधिकार नाही आणि नसावाही. कायद्याच्या कलम ११६ नुसार कोणीही वाहतूकचिन्ह हेतुपुरस्सर हलवू वा बदलू शकत नाही. राष्ट्रीय महामार्गावर चिन्हे लावण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने प्राधिकरणाला स्पष्टपणे मिळाला आहे. ज्याला लावण्याचा अधिकार आहे त्याच्याकडेच काढण्याचे उत्तरदायित्व येते. महामार्ग पोलीस, प्राधिकरण, सल्लागार आणि कंत्राटदार यांच्यात हे उत्तरदायित्व विभागले गेले की ते कोणाचेच उरत नाही, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

अपघातांच्या नोंदींतही या प्रश्नाला जागा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात नोंदले गेले. अतिवेग हे कारण खोटे नाही. पण चालकाने वेग का उतरवला नाही, त्याने आधीचे किती फलक फोल ठरलेले पाहिले होते, हे त्या रकान्यातून कळत नाही. दोष चालकाच्या नावावर चढतो आणि फलकाची चौकशी होत नाही.

कामे आणखी वाढणार आहेत

डहाणू-तलासरीच्या दृष्टीने हा प्रश्न तात्पुरता नाही. एकाच महामार्गाची डागडुजी संपली की सुटका झाली, अशी येथील स्थिती नाही. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वे आणि वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग हे दोन्ही प्रकल्प याच तालुक्यांतून जातात. डहाणू तालुक्यातील वाढवण येथील ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदराला महामार्गांच्या जाळ्याशी जोडण्यासाठी सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता नियोजित आहे. बंदराविषयी स्थानिक मच्छीमार आणि आदिवासींचा विरोध हा स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. पण ही कामे जसजशी पुढे सरकतील तसतसे या तालुक्यांतील रस्त्यांवर खोदकाम, वळणे, अवजड डंपर आणि अर्थातच फलक वर्षानुवर्षे असणार, हे उघड आहे.

या रस्त्यांवरून केवळ मुंबई-सुरतची वाहने धावत नाहीत. चारोटी, धानिवरी, आंबोली, दापचरी, तलासरी येथील माणसे रोज महामार्ग ओलांडतात. कोणी बाजाराला, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत जाते. चैत्रात विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेला दूरदूरहून भाविक येतात आणि मंदिर महामार्गालगतच आहे. ‘पुढे गर्दी आहे, सावकाश चला’ हा फलक त्या पंधरवड्यात अक्षरशः प्राणरक्षक ठरू शकतो. वर्षातले उरलेले दिवस आपण चालकाला फलकांकडे काणाडोळा करायला शिकवले असेल, तर त्या पंधरवड्यात त्याने एकदम आज्ञाधारक व्हावे ही अपेक्षा कशी करणार?

मुंबई-ठाण्याच्या वाचकालाही हा दूरचा प्रश्न वाटण्याचे कारण नाही. सुटीला डहाणू-बोर्डीला जाणारी कुटुंबे, वापी-सुरतशी व्यापार असलेली माणसे आणि गुजरातमधून येणारा माल यांचा रस्ता हाच आहे. शिवाय शहरातही मेट्रो, काँक्रिटीकरण, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या यांच्या कामांनंतर उरलेले निळे-पिवळे अडथळे आपण पाहतोच. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ही पाटी कामाहून दीर्घायुषी ठरल्याचा अनुभव कोणत्या उपनगराला नाही?

उपाय स्वस्त आहेत

या प्रश्नाची जमेची बाजू अशी की, त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पहिला उपाय म्हणजे प्रत्येक तात्पुरत्या फलकावर लावल्याची तारीख, काढण्याची अपेक्षित तारीख आणि जबाबदार यंत्रणेचा दूरध्वनी क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापता येते, तर फलकावर का नाही? मुदत उलटलेला फलक कोणालाही ओळखता येईल आणि मुदतवाढ हवी असेल तर कोणाला तरी ती लेखी द्यावी लागेल. दुसरे, काम थांबते त्या प्रत्येक पाळीच्या अखेरीस माणसे दाखवणारे फलक झाकण्याची वा वळवण्याची नोंद ठेवावी. काँक्रिट मुरण्यासाठी मार्गिका बंद असेल तर तसे स्पष्ट सांगणारी वेगळी पाटी असावी. ‘काँक्रिट मुरत आहे, मार्गिका अमुक तारखेपर्यंत बंद’ एवढ्या एका ओळीने प्रवाशाचा अर्धा संताप ओसरेल आणि फलकाची प्रतिष्ठा राहील.

तिसरा उपाय देयकाचा. वाहतूक व्यवस्थेचा खर्च कंत्राटात स्वतंत्र बाब म्हणून दाखवावा आणि तात्पुरती साधने हटवल्याचा दाखला मिळाल्याखेरीज त्या टापूचे अंतिम देयक काढू नये. ज्याचे पैसे मिळतात ते काम होते, हे आपल्याकडचे साधे वास्तव आहे. त्याचा उपयोग सुरक्षेसाठी का करू नये? चौथा उपाय तपासणीचा. प्राधिकरणाची १०३३ ही मदतवाहिनी आणि २०२३ साली आलेले ‘राजमार्गयात्रा’ हे अॅप प्रवाशांसाठी आहेत. कालबाह्य फलकाची तक्रार तेथे ठळकपणे नोंदवता यावी आणि ठरावीक तासांत तिचे उत्तर मिळावे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर महामार्ग पोलीस व प्राधिकरण यांनी चारोटी-अच्छाड टप्प्याची एकत्र पाहणी करावी, आणि ती रात्रीही करावी; कारण फलकाची खरी परीक्षा रात्रीच होते.

यातील एकही सूचना क्रांतिकारक नाही. नियमपुस्तकांचा आशय प्रत्यक्षात आणण्याचीच ती मागणी आहे. रस्ता रुंद करणे, पूल नव्याने बांधणे ही वर्षांची कामे आहेत. फलक काढणे हे एका दुपारचे काम आहे. चारोटीच्या अपघातानंतर फलक हवेत असे आपण म्हणालो आणि ते लागले. त्यांतील प्रत्येक फलक खरा असेल याची हमी देणे ही त्याच मागणीची उरलेली बाजू आहे. ती पुरी होईपर्यंत रात्रीच्या पाळीत या महामार्गावर उतरणाऱ्या मजुराचा जीव चालक पाटीवर विश्वास ठेवतो की नाही, यावरच अवलंबून राहणार आहे.